झाडं नीरजाच्या खिडकीशी

“जाताना काही होत नाही. परत घरी गेलीस की सांभाळ. आणि गर्दीत नाही हं, रिकाम्या रस्त्यावर.”

उटेबाईंनी हे सांगितलं तेव्हा प्राचीच्या हातात तिकडचं कोरं करकरीत लायसन होतं, आणि नवं लायसन हाती आलेल्या माणसाला उपदेश ऐकू येत नाही. उटेबाई म्हणजे जर्मनीत, समुद्राजवळच्या ज्या छोट्या गावात प्राची वर्षातला निम्मा काळ राहते, तिथल्या गाडी शिकवणाऱ्या बाई. साठीच्या, उंचपुऱ्या, शिकवताना एकदाही आवाज न चढवणाऱ्या. प्राची हसली, मान डोलावली आणि मनात म्हणाली, बाई, मेहकर ते जानेफळ हा माझ्या सासरचा रस्ता. तिथं मला कोण चुकवणार?

खरं तर प्राचीने एखादी सूचना कानाआड करावी हेच नवल. तिच्यासारखी काळजी करणारी बाई जानेफळात दुसरी नसेल. बाहेर पडताना गॅस दोनदा बघणार, कुलूप ओढून बघणार, आणि चार वर्षांची नीरजा जरा जास्त वेळ झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघणार. सासूबाई मंजुळाबाई म्हणायच्या, “हे बाई देवाले निवद दाखवते, तवा देव जेवला का नाई तेबी पाह्यते.”

प्राचीचा नवरा शेखर पवनचक्क्या दुरुस्त करतो. इकडे काम करता करता एका कंपनीने त्याला तिकडे नेलं. उन्हाळ्याच्या तोंडाशी प्राची आणि नीरजा त्याच्याकडे जातात, दिवाळीनंतर जानेफळला परततात. शेखर कामाच्या मोसमानंतर मागून येतो. मंजुळाबाईंना आणि मामाजींना, म्हणजे सासरे कडूबांना, एकटं टाकायचं नाही, आणि तिकडचं राहण्याचं कार्डही बाद होऊ द्यायचं नाही, म्हणून हे निम्मं-निम्मं. दोन घरं, दोन तिखटाचे डबे, दोन डॉक्टर.

पहिल्या वर्षी जायच्या आधी प्राचीने बुलढाण्याला आरटीओत जाऊन आंतरराष्ट्रीय परमिट काढलं होतं. तिथेच बाकावर डोणगावचे चिंतामण मास्तर भेटले. शाळेतून निवृत्त झालेले, बायको वारलेली, थंडी संपली की मुलीकडे अमेरिकेला जाणारे आणि पावसाळ्यानंतर एकटेच परतणारे. तिकडे गाडी चालवतात याचा त्यांना कोण अभिमान.

“तिकडं उजवीकडून चालवायची, इकडं डावीकडून. गोंधळ नाही होत, सर?” प्राचीने विचारलं होतं.

“छे छे! गोंधळ तिकडं. इकडं काय बाई, ज्या बाजूले खड्डा नाई ते बाजू आपली!” मास्तर स्वतःच्याच विनोदावर एवढे हसले की खिडकीतल्या बाईंनी वर बघितलं.

तिकडे पोचल्यावर प्राचीला पहिला धडा मिळाला तो कागदाचा. पाहुण्याला जे चालतं ते राहणाऱ्याला चालत नाही. राहायला आलात की काही महिने इकडचं लायसन आणि परमिट चालतं. मग तिकडचं काढावं लागतं, आणि आपल्या लायसनवाल्यांना त्यासाठी लेखी आणि गाडीवरची, अशा दोन्ही परीक्षा पुन्हा. शेखरने दिल्या होत्या. प्राचीची मुदत संपत आली तेव्हा तो म्हणाला, “तुझी तयारी होईपर्यंत चालव की. दोन गल्ल्या तर आहेत. कोण विचारतंय?”

“कोणी नाही विचारणार,” प्राची म्हणाली, “पण काही झालं तर विमावाले विचारतील. आणि मागं नीरजा आहे.”

मुदत संपली तशी तिने किल्ली खिळ्याला अडकवली आणि बसने, सायकलने फिरायला लागली. आणि त्या दिवसांत ती जे बघत होती त्याने तिचे डोळे दिपून जात. बाबागाडी घेऊन उभं राहिलं की तिकडची बस उंटासारखी दाराच्या बाजूला वाकायची. हवा सोडल्याचा आवाज, बस खाली, बाबागाडी आत, बस वर. हे तिने फोनवर सांगितलं तेव्हा मंजुळाबाई म्हणाल्या, “जाऊ दे बाई, लहान लेकराले सांग हे.” शेवटी तिला व्हिडिओ काढून पाठवावा लागला, आणि तो सगळ्या आळीने पाहिला.

पण बसपेक्षाही एक गोष्ट तिच्या मनात घर करून बसली. एका सकाळी, धुक्यात, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, एक म्हातारा लाल दिव्यापाशी उभा होता. ना डावीकडे गाडी, ना उजवीकडे. तरी उभा. दिवा हिरवा झाला, मग तो ओलांडून गेला.

“कोणीच नव्हतं, मग तो का थांबला?” तिने उटेबाईंना विचारलं.

उटेबाई म्हणाल्या, “कोणी नव्हतं हे त्याला कसं कळणार? खिडकीतून एखादं मूल बघत असेल.”

प्राचीच्या अंगावर काटा आला होता. ज्या मुलाचा पत्ता नाही, जे कदाचित नाहीच, त्याच्यासाठी थांबायचं! तिला कधीकधी वाटायचं, देवाला हात जोडणं याहून वेगळं काय असतं?

तर अशी शिकलेली, दोन्ही परीक्षा पास झालेली प्राची दिवाळीनंतर जानेफळला आली. इकडचं लायसन चालू, तिकडचं लायसन चालू, गाडीचा विमा भरलेला. कागद दोन्ही देशांचे पक्के होते. हात मात्र दोनच होते, आणि त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी शेडमधली गाडी काढली, गल्लीच्या तोंडाशी वळायला दिवा लावायला गेली, तर काचेवर वायपर फिरू लागले. तिकडच्या गाडीत दिव्याची दांडी डाव्या हाताला, इकडे उजव्या.

“पाऊस कुठी हाये वं?” मंजुळाबाई मागून म्हणाल्या.

“सवय होते आहे, आत्याबाई.”

“होऊ दे. काच तरी पुसून निघाली.”

सगळे हसले. प्राचीही हसली. वायपरकडे बघून तिला काहीतरी आठवायला हवं होतं, ते आठवलं नाही.

आणखी एक गोष्ट होती. नीरजाची खुर्ची, लहान मुलांची पट्ट्यांची असते ती, प्राचीने मागच्या सीटवर उजव्या बाजूला बसवली होती. तिकडे तसंच शिकवलेलं: मूल नेहमी उजव्या बाजूला, म्हणजे उतरवताना आपण फुटपाथवर असतो, गाड्यांच्या बाजूला नाही. प्राचीने तो नियम जसाच्या तसा जानेफळला आणला. इथे उजवी बाजू रस्त्याच्या मध्याकडे येते, हे अशा चौकस बाईच्या लक्षातच आलं नाही. नीरजाच्या मात्र आलं. पहिल्या आठवड्यात तिची एकच तक्रार, “इथली झाडं लांब आहेत. तिकडची झाडं माझ्या खिडकीशी येतात.”

“तिकडं झाडं जास्त आहेत ना, म्हणून,” प्राचीने सांगून टाकलं.

त्या दिवशी मेहकरला मंजुळाबाईंच्या डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं होतं. जाणं नीट झालं. मेहकरात बाजार होता. समोर बस, मागे ऑटो, मधे म्हशी. त्या गर्दीत प्राची अगदी सरळ चालवत गेली, कारण गर्दीच तिला वाट दाखवत होती. परत येताना मंजुळाबाई म्हणाल्या, “वावराकडं घे. वांगे तोडून ठेवलेत, टोपलं घेऊ.”

वावर डांबरी रस्त्यापासून जरा आत. टोपलं डिक्कीत टाकलं, मंजुळाबाई नीरजाशेजारी, डाव्या बाजूला बसल्या, आणि प्राचीने कच्च्या वाटेवरून गाडी पुन्हा डांबरीवर आणली. घर उजवीकडे. तिने दोन्हीकडे नीट पाहिलं. कोणी नव्हतं. पार क्षितिजापर्यंत रस्ता मोकळा. ती उजवीकडे वळली, आणि वळण इतकं सोपं, इतकं मऊ गेलं की तिलाच बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच अंग सैल झालं. वायपर फिरले नाहीत. दोन्हीकडे तुरी पिवळ्या फुलांवर होत्या, ऊन कललं होतं, कपाशीच्या बोंडांतून पांढरं डोकावत होतं. मंजुळाबाई डोळ्यांच्या डॉक्टरची नक्कल करत होत्या, “‘वर पाहा, खाली पाहा.’ अरे बाबा, मी काय विमान पाह्याले आली का?” प्राची हसत होती. सगळं कसं जागेवर बसल्यासारखं वाटत होतं. आपण आता घरी आलो, असं तिच्या मनात आलं.

पुढे चढ होता. चढाच्या पलीकडचं दिसत नाही, फक्त आभाळ दिसतं.

“आई,” नीरजा मागून म्हणाली, “आज झाडं माझ्याकडं आली.”

“हो का? छान.”

“बाभळीने मला हात लावला.”

“काच बंद कर बरं, काटे असतात,” प्राची म्हणाली. आणि मग ते वाक्य तिला खरं ऐकू आलं. झाडं माझ्याकडं आली. तिने उजवीकडे पाहिलं. बाभळीची फांदी तिच्या स्वतःच्या खांद्याला घासून जात होती. तिच्या आणि रस्त्याच्या कडेच्या मधे काहीच नव्हतं. डावीकडे, दूर, पलीकडची बाजू रिकामी पडली होती. ती बाजू त्यांची होती.

पाय ब्रेकवर गेला, हात डावीकडे गेले. गाडी त्या तुटक पांढऱ्या रेषेवरून पलीकडे गेली, पुरती गेलीही नसेल, तोच चढाच्या माथ्यावर आधी एसटीचं कपाळ दिसलं, मग काच, मग सगळी बस. शाळा सुटलेली होती. खिडक्या-खिडक्यांतून दोन वेण्यांच्या मुली डोकावत होत्या. बस त्यांच्या उजवीकडून, जिथे क्षणापूर्वी नीरजाची खिडकी होती तिथून, वारा उठवत निघून गेली. ड्रायव्हरला काही कळलंच नव्हतं. तो त्याच्या बाजूने, जसा रोज यायचा तसा, आला आणि गेला. मुलींनी हात हलवले. नीरजाने उलट हात हलवला.

प्राचीने गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

“काऊन थांबली वं?” मंजुळाबाई म्हणाल्या. मग त्यांनी आरशात सुनेचं तोंड पाहिलं. नीरजाच्या पोटावर हात ठेवून बसून राहिल्या.

प्राची समोरच्या रस्त्याकडे बघत होती. चढावर पुन्हा नुसतं आभाळ. तिला रडू यायला हवं होतं, पण आलं भलतंच. ती त्या पांढऱ्या रेषेकडे बघत राहिली. कुठे कुठे पुसलेली, शेणाने माखलेली, बोटभर जाडीची रंगाची रेषा. बसचा ड्रायव्हर तिला ओळखत नव्हता, ती त्याला ओळखत नव्हती. दोघांनी एकमेकांना कधी वचन दिलं नव्हतं. तरी पलीकडचं काहीही दिसत नसताना तो माणूस चाळीस लेकरं घेऊन चढ चढून आला, एवढ्याच भरवशावर की समोरून येणारा कोणीही असो, तो त्याच्या बाजूने येईल. सगळं जग रोज असं चालतं. एकमेकांची तोंडं न पाहिलेली माणसं एकमेकांच्या हाती आपापली लेकरं देऊन चालतात. आणि आपण हे आजवर फक्त पाठ केलं होतं.

खिडकीतून एखादं मूल बघत असेल, उटेबाई म्हणाल्या होत्या. मूल बघत होतं. मागच्याच खिडकीतून.

घरी येऊन प्राचीने आधी खुर्चीच्या पट्ट्या सोडल्या आणि ती डाव्या बाजूला बसवली. मग ओसरीवर बसून मामाजींना सगळं सांगितलं. लपवणं तिच्याने झालं नाही. मंजुळाबाई आत चहा टाकत होत्या, पण भांड्यांचा आवाज थांबला होता.

कडूबा ऐकून घेत होते. अंगणात त्यांची बैलजोडी बांधलेली होती, हरण्या आणि मोरा. हरण्या घरचा, मोरा नुकताच बाजारातून आणलेला. प्राची आल्यापासून बघत होती, रोज सकाळी मामाजी मोराला बैलगाडीला डाव्या बाजूला जुंपायचे आणि शेजारच्या नारायणरावांच्या बैलगाडीच्या मागे मागे, त्यांच्या गाडीच्या मागच्या दांडीला बांधलेल्या लाल फडक्याकडे तोंड करून, गावाबाहेर एक चक्कर मारून आणायचे. तिला वाटायचं, दोघा म्हाताऱ्यांना गप्पा मारायच्या असतील.

“मोराबी तसाच हाये,” कडूबा म्हणाले.

“कसा?”

“आधीच्या मालकानं त्याले उजव्या हाताले जुपला. बैलाची बाजू ठरलेली राह्यते पोरी. आता मले डाव्या हाताचा पाह्यजे. त्याले काय समजते? आणला त्या दिवशी मी म्हटलं, बैल शहाणा हाये, समोर गाडी नसली तरी घेतो रस्त्यानं. रस्ता मोकळा. बारकं पोरगंबी नव्हतं. अन् ह्या पठ्ठ्यानं आपली जुनी बाजू धरून मले, गाडीले अन् हरण्याले नालीत नेऊन बसवलं.”

“हे तुमी मले सांगितलं नाई!” मंजुळाबाई आतून म्हणाल्या. “मले तर म्हणे चाक निसटलं.”

“आता सांगून राह्यलो ना. गर्दीत बैल चुकत नाई, दुसऱ्याले पाहून चालते. मोकळं दिसलं का त्याले जुनं आठवते.” कडूबांनी चहाची बशी फुंकली. “त्याले मी लय शिव्या देल्या त्या दिवशी. तुले कशा देऊ? तू तर पोरगी पास झालेली हायेस.”

प्राची इतक्या वेळाने हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं. समुद्राकाठच्या उटेबाई आणि जानेफळचे कडूबा, दोघांची भेट होणं नाही, भाषा एक नाही. आणि दोघं एकच गोष्ट सांगत होते, एक मोटारीबद्दल, एक बैलाबद्दल.

पण तेवढ्यात तिला दुसरी गोष्ट आठवली आणि तिने कप खाली ठेवला. शेखर परवा येणार होता. मुंबईला उतरून संभाजीनगर, तिथे त्याचा मित्र प्रज्वल याची गाडी घेऊन एकटा समृद्धी महामार्गाने. समृद्धीची तिला भीती नव्हती. तिथे मधे दुभाजक, चुकायचं म्हटलं तरी सहजी चुकता येत नाही. भीती होती ती खाली उतरल्यावरच्या आपल्या रस्त्याची. सकाळची वेळ, मोकळा रस्ता, आणि तिच्याहून जास्त महिने तिकडे चालवून आलेला माणूस.

तिने लगेच फोन लावला. सगळं सांगितलं, बससकट.

“बापरे,” शेखर म्हणाला. “नीरजा ठीक आहे ना? तू?” आणि मग, “माझी काळजी करू नको. अगं, त्या रस्त्यावर मी सायकल शिकलो. तिथं मला कोण चुकवणार?”

प्राचीने फोन कानापासून दूर धरला. तिचेच शब्द होते, एकही अक्षर इकडचं तिकडे नव्हतं.

“गाडी करून या.”

“प्रज्वलची गाडी दारात असताना? बाबा हसतील.”

“बाबा नाही हसणार.”

“प्राची, तू कशालाही घाबरतेस,” तो मायेनेच म्हणाला. आणि इथेच सगळं अडलं होतं. जी बाई गॅस दोनदा बघते, तिने खरंच आग लागल्याचं सांगितलं तरी लोक म्हणतात, तिची सवयच आहे.

फोन ठेवल्यावर ती मामाजींकडे वळली. “तुम्ही सांगा त्यांना.”

“सांगून काय होते?” कडूबा म्हणाले. “सांगून बैल ऐकते का? मी सांगत नसतो. मी समोर जात असतो.”

तिसऱ्या दिवशी सकाळी कडूबांनी भाजी न्यायची त्यांची मोपेड काढली. मागच्या कॅरियरला काठी बांधली, काठीला नारायणरावांच्या गाडीवरचं लाल फडकं. नीरजाला आजीजवळ ठेवलं. प्राचीने ते मनाशी आधीच ठरवलं होतं. सुनेला मागे बसवून सासरे समृद्धीच्या उतारापाशी जाऊन थांबले. गार वारा, नाकातून पाणी. प्राची येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे बघत होती.

शेखर आला. काच खाली करून आधी हसला, मग फडक्याकडे बघितलं. “बाबा, हे काय? मिरवणूक काढता का माझी?”

“हाव. वरात समज. नवरदेवानं मागं राह्यचं असते, वऱ्हाड समोर.”

“मी चाळीसच्या वर जाऊ शकणार नाही तुमच्या मागं!”

“मग नको जाऊ. बायको किती दिवसांनी भेटली, बोल तिच्याशी.”

प्राची गाडीत त्याच्या शेजारी बसली. तो वैतागला होता, पण बाप समोर असल्यावर हॉर्न तरी कसा वाजवणार. मोपेड डाव्या कडेने फटफटत होती, फडकं उडत होतं, आणि शेखर सरळ तिच्या मागून चालला होता. “बघ,” तो म्हणाला, “चुकलो का कुठं?”

निम्म्या वाटेवर कडूबांनी चहासाठी हात केला. टपरी रस्त्याच्या उजव्या बाजूला होती. तिघांनी कट चहा घेतला. शेखर तिकडच्या थंडीचे किस्से सांगत होता, कडूबा “असं का बे” म्हणत ऐकत होते. रस्त्यावरून एक बैलगाडी गेली, मग काहीच नाही. तिघं उठले. कडूबांनी मोपेडला पाय मारला आणि रस्ता तिरपा ओलांडून ते डाव्या कडेला गेले.

शेखरने गाडी सुरू केली आणि टपरीसमोरून सरळ पुढे काढली. सरळ. उजव्याच कडेने. सहज, सफाईने, एखादं ओळखीचं गाणं गुणगुणावं तसं. प्राचीला ती सफाई ओळखीची होती. परवा तिच्याही हातात हीच होती. तिचं तोंड उघडलं, पण तिच्या आधी शेखर बोलला.

“बाबा काऊन उलट्या बाजूनं चालून राह्यले...”

आणि वाक्य तिथेच राहिलं.

त्याची नजर फडक्यावरून रस्त्यावर आली, रस्त्यावरून आपल्या हातांवर. त्याने गाडी हळूच डावीकडे घेतली, बापाच्या मागे नेली. समोर कोणी नव्हतं. चढ नव्हता, बस नव्हती. काहीच झालं नव्हतं.

“मला खात्री होती, प्राची,” शेवटी तो म्हणाला. आवाज अगदी खाली गेला होता. “अगदी खात्री होती की तेच चुकले.”

“हो,” प्राची म्हणाली. “तशीच असते.”

पुढे कडूबा ताठ बसून चालले होते. स्वेटर, मफलर, पाठीमागे लाल फडकं. त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. प्राचीला वाटलं, किती मोठी गोष्ट आहे ही, कुणाच्या तरी पुढे आपल्या बाजूने चालत राहणं, आणि मागचा आपल्याला बघतोय यावर भरवसा ठेवणं. गावाच्या कमानीपाशी नीरजा आजीचं बोट धरून उभी होती. तिने आधी बापाला नाही, फडक्याला हात केला.

आता त्यांच्या घरी ठरूनच गेलं आहे. बाहेरून कोणी आलं की पहिला आठवडा गाडीला हात नाही. आणि मग काही दिवस पुढे कोणीतरी. मोराही आता डाव्या हाताला छान चालतो. पण फडकं अजून खुंटीला आहे, कारण पुढच्या वर्षी पुन्हा लागणार आहे.

एक मात्र राहून गेलं आहे, आणि त्यासाठी प्राचीला तुमची गरज आहे. डोणगावचे चिंतामण मास्तर यंदा उशिरा, गेल्याच आठवड्यात अमेरिकेहून परतले. प्राचीने फोन केला. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं, तिने ओरडून सांगितलं तर ते हसले आणि म्हणाले, “अहो, ज्या बाजूले खड्डा नाई ते बाजू आपली!” फोन ठेवला. नंतर लागत नाही. घरात ते एकटे आहेत, अंगणात स्कूटर आहे, आणि सकाळी रस्ता मोकळा असताना मेहकरला जायची त्यांची जुनी सवय आहे. तुम्ही डोणगावात असाल, किंवा तुमचं कोणी त्या बाजूला असेल, तर एवढं करा. उद्या सकाळी, त्यांनी स्कूटर काढायच्या आधी, मास्तरांकडे जाऊन या. समजावू नका, ते ऐकणार नाहीत. चहा घ्या, आणि निघताना त्यांच्या पुढे राहा.